परातीतली ट्यूब

रुक्मिणी नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. विक्रोळीच्या चाळीत पलीकडच्या खोलीतली कमल नवऱ्यावर तोंड सोडत होती. पंक्चर शोधायला अंबादासनं सायकलची ट्यूब भाकरीच्या परातीत बुडवली होती. "थांबा, आज ट्यूबच थापते," कमल म्हणत होती, "खा चटणीबरोबर." भिंतीच्या अलीकडे रुक्मिणी पदर तोंडात कोंबून हसली आणि आपल्या परातीला ट्यूब शिवू द्यायची नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. तिच्या दशरथानं ते पाळलंही.

आता कमल राहिली नाही. अंबादास हायवेपलीकडे एकटा राहतो. कंपनीत दोघं एकाच खात्यात होते, म्हणून त्याचा रात्रीचा डबा दशरथ रोज सायकलवरून नेतो. लेकाला, नितेशला, त्याचीच धास्ती. सत्तरीतला बाप गाड्यांच्या गर्दीत पायडल मारतो म्हणजे काय? शेवटी त्यानं अट घातली, पुढचं पंक्चर बाबांना घरी काढता आलं नाही तर सायकल भंगारात, अंबादासचं जेवण मोबाईलवरून मागवायचं. दशरथ फुशारकीत हो म्हणून बसला.

आणि बुधवारी बाजारातून आला तो सायकल ढकलत. मागचं चाक पार बसलेलं. नितेश यायला थोडाच वेळ होता. नळ सकाळीच गेलेला; भरल्या बालदीत काळी ट्यूब बुडवून रात्रीचं पाणी कोण नासवणार? रुक्मिणीनं परातीकडे पाहिलं आणि ती उचलून दशरथापुढे ठेवली. चांगलं पाणी ओतायला मात्र हात धजेना. तांदळाचं धुवण होतं, तेच ओतलं.

धुवणाला फेस केवढा! दशरथाला जिथे तिथे बुडबुडेच दिसायला लागले. त्यातला एक त्यानं पसंत केला, ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं, ठिगळ दाबलं, चाक चढवलं, पंप मारला. चहा उकळेपर्यंत चाक पुन्हा जमिनीला टेकलं.

"फेसाला ठिगळ लावलंत," रुक्मिणी म्हणाली.

"पाणी कोणी दिलं गो?"

तिनं ट्यूब पुन्हा बाहेर काढायला लावली. तिनं गाल ओला केला आणि हवा भरलेली ट्यूब गालाजवळून हळूहळू सरकवली. एका जागी बारीक फुंकर लागली. तिथे बोट दाबूनच ती म्हणाली, आता टायर आतून चाचपा. दशरथ चाचपायला गेला आणि हात झटकत उठला. बाजारात तुडवलेला शिंगाळा माशाचा काटा आत घुसला होता.

"जन्मभर खाल्लेत," ती म्हणाली, "एकानं उट्टं काढलं."

नितेश आला तेव्हा चाक टणक होतं. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग हसूच आलं त्याला. "झकास, बाबा. नाही देत भंगारात." डबा त्यानंच हँडलला अडकवला.

परातीचं अंबादासभावजींना सांगू नका, रुक्मिणीनं बजावलं. दशरथ बरं म्हणाला. सगळ्यात आधी तेच सांगणार हे तिला ठाऊक होतं. ती चिंच घेऊन परात घासायला बसली. दशरथानं टांग टाकली, वळणावर नेहमीसारखी दोनदा घंटी वाजवली आणि डबा घेऊन हायवेकडे निघाला.