डब्यात घेतलेला वाटा

आधीच सांगून टाकते, मटणाची किळस मला नाही. तांड्यातली बाई मी. बोकड कापलं की आतडी धुवायला मीच बसायची, रक्त गोठायच्या आत पातेल्यात धरायची आणि त्याची सळोई अशी करायची की पोरं बोटं चाटत उठायची. तेव्हा म्हातारीला मांस पाहून मळमळलं, असं कोणी म्हणू नये. मळमळलं हे खरं. दोन दिवस अन्न गेलं नाही हेही खरं. पण कशानं, ते नीटच सांगावं लागेल.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड वरून हिरवंगार, टपोरं, आणि फोडावं तर आत गुलाबी अळी वळसा घालून बसलेली. त्या साली दिवाळीनंतर मी इतकी बोंडं फोडली की अंगठ्याच्या नखात त्या अळीचा चिकटा कायमचा बसला असं वाटे. भाकरी मोडतानासुद्धा मी आधी आत पाहायची. सूनबाई हसायची, "आता भाकरीतबी अळी निघते का?" निघत नव्हती, पण हात ऐकत नव्हता.

अशा दिवसांत नातीला स्थळ आलं.

ही माझ्या लेकाची मोठी पोरगी. यवतमाळला राहून नर्सिंग शिकली. लहानपणी ती चुलीजवळ बसून मोठ्यानं धडे वाचायची आणि मी भाकरी थापता थापता तिच्या पुस्तकात डोकवायची. तसंच करून मला अक्षर आलं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. मुलगा आमच्यातलाच, पण त्याच्या बापानं तांडा कधीच सोडला होता. बाप मोठा साहेब होऊन निवृत्त झालेला, यवतमाळात बंगला, आणि मुलगा पुण्याला कोण्या कोरियन कंपनीत. महिनाभर दोघं फोनवर बोलत होते. फोन वाजला की नात गोठ्यामागं जायची, आणि परत यायची ते असं तोंड घेऊन की काही विचारायचं कामच नव्हतं. तिच्या मनानं घेतलं होतं. आता फक्त आम्हा मोठ्यांनी बसून गूळ खायचा बाकी होता.

गूळ खाणं म्हणजे आमच्यात शब्द पक्का होणं. दोन्हीकडच्यांनी एका भांड्यातला गूळ तोंडात टाकला की संपलं. मग माघार नाही.

मुलाच्या बापाचा फोन आला, की घरी नको, बाहेरच जेवू, नवीन हॉटेल झालं आहे, पोराची फार आवड आहे. माझा लेक फोन ठेवून म्हणाला, "घरी काहून नाई बोलावत म्हणतो मी? पोरगी द्यायची तं चूल नाई पाहायची का त्याईची?"

"मोठी लोकं हायेत रे. असन त्याईची रीत," मी म्हटलं. पोरीचं तोंड पाहत होते ना मी, म्हणून म्हटलं.

वेचणीला बाया मिळत नव्हत्या म्हणून सूनबाई वावरातच राहिली. मी स्टीलच्या डब्यात गूळ आणि खोबरं भरलं, ठेवणीतलं लुगडं नेसले, आणि आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो.

हॉटेल लोहाऱ्याकडच्या रस्त्याला. पाटीवर मराठीत लिहिलेलं, 'कोरियन बार्बेक्यू'. मी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि काही म्हणजे काही कळलं नाही. दार उघडताच वास आला. सरकीचा ढीग पावसात भिजून आतून तापला की जो आंबूस, गोडसर, नाकात चिकटून बसणारा वास येतो ना, अगदी तो. कोबी होती ती. लाल तिखटात मुद्दाम आंबवलेली. वाट्यावाट्यांतून टेबलभर मांडलेली.

टेबलाच्या मधोमध भोक, भोकात निखारे, वर जाळी. आणि वरून एक लांब नळी खाली लोंबत होती, जिनिंगमध्ये कापूस ओढायला असते तशी. ती धूर ओढत होती. मला उगीच वाटत होतं की माझा पदरही ओढेल.

त्यांच्याकडचे तिघं. साहेब, त्यांची बायको आणि मुलगा. मुलगा दिसायला चांगला, नाही म्हणत नाही. पाया पडला. साहेब मात्र मला "आजी" म्हणाले. आमच्यात माझ्या वयाच्या बाईला 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. त्यांना ते येत नव्हतं असं नाही. येत होतं, मला माहीत होतं. ते पुढं सांगते.

मग ताटं आली. कच्चं मांस! पातळ पातळ पट्ट्या, गुलाबी, साखरेच्या पाण्यात बुडवल्यासारख्या चकचकीत. "इकडे बोकडाचं आणि चिकनच मिळतं, आमच्या पुण्यात तर खूप प्रकार असतात," मुलगा म्हणाला, आणि चिमट्यानं एकेक पट्टी जाळीवर टाकू लागला. उष्णता लागली की ती पट्टी आक्रसायची आणि वळसा घालून बसायची. सांगा आता. महिनाभर बोंडातून जे मी काढून टाकत होते, तेच समोर जाळीवर चुरचुरत होतं आणि लोक त्याची वाट पाहत होते.

थोड्या वेळानं मुलानं चिमटा आईच्या हातात दिला. मग ती बाई जी उलटू लागली, ती शेवटपर्यंत. कात्रीनं तुकडे करायची. कात्री! आमच्या घरात कात्री झंपर बेतायला असते. आणि ज्या चिमट्यानं कच्चं उचलायचं त्यानंच शिजलेलं पानात टाकायचं. माझ्या चुलीवर कोणी असं केलं असतं तर मी त्याचा हातच धरला असता. साहेब जळका तुकडा उचलत, पुन्हा टाकत, दुसरा उचलत. मधून करंगळीच्या नखानं दात कोरत आणि त्याच हातानं कोबीच्या वाटीत बोटं घालत. बायकोच्या मनगटावर चरबी उडून फोड आला. तिनं मनगट पदराला पुसलं. तिच्या पानात काहीच नव्हतं. कोणी विचारलं नाही.

"याडी, तुम्ही घ्या ना," ती मला हळूच म्हणाली. तिच्या तोंडून याडी निघालं, बरं का.

"तूच खाय नं बाई, सकाळपासून निखाऱ्यापुढं बसल्यासारखी दिसून राह्यली," मी म्हटलं. ती नवऱ्याकडे पाहून हसली आणि पुन्हा उलटू लागली.

मुलानं हिरव्या पानात तुकडा, कोबी, लसूण असं काय काय गुंडाळलं आणि नातीपुढं धरलं. "अख्खं एकदम तोंडात घ्यायचं. तोडायचं नाही, तीच पद्धत आहे."

तिच्या हातावर नाही दिलं, तोंडातच कोंबलं. पोरीचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. तोंडात जाता जाता पानाच्या कडेला मला दिसलं होतं की आतला तुकडा कच्चा होता, लालच. ती चावत राहिली, चावत राहिली, आणि शेवटी गिळला. गिळून हसली. तिला हे लग्न इतकं हवं होतं.

मी स्वतः चार तुकडे बळंच खाल्ले. गोड मटण! खीर समजून खावं तर चरबी लागे.

जाळी रिकामी झाली, मला वाटलं झालं जेवण. तेवढ्यात आणखी दोन ताटं आली, कच्च्या मांसाची. एक त्यांच्या बाजूला, एक आमच्या. साहेब म्हणाले, "हा वाटा तुमच्याकडचा."

आता ऐका. आमच्या तांड्यात बोकड कापलं की मांस कोणी एकट्यानं नेत नाही. पळसाच्या पानांवर वाटे मांडतात, जितकी घरं तितके. प्रत्येकात काळजाचा एक तुकडा, एक हाडाचा, एक चरबीचा. मग एक म्हातारा पाठ करून उभा राहतो, दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा म्हातारा एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्यानं तो वाटा कच्चाच घरी न्यायचा. घरचं माणूस वावरात असो, आजारी असो, त्याचा वाटा चुकत नाही. नाही नेला तर देणाऱ्याचा अपमान.

मी ऐकलं, 'हा वाटा तुमच्याकडचा.' माझ्या मनात काय आलं सांगू? खरंच बरं वाटलं मला. म्हटलं, वरून कितीही साहेब झाला तरी आतून तांडा गेला नाही याचा. सूनबाई वेचणीवर आहे, तिची आठवण ठेवली यानं. मी डबा काढला, गूळ-खोबरं पदराच्या टोकात बांधलं, आणि ते मांस नीट, एकही पट्टी न सांडता डब्यात भरलं.

वर पाहिलं तर सगळे माझ्या डब्याकडे पाहत होते. माझ्या लेकाची मान खाली. मग साहेब हसले. खांदे हलवून, खोकला येईपर्यंत हसले. "अहो आजी, हे इथं भाजून खायचं असतं! तांड्यातलं बोकड आहे का हे, डब्यात घालून न्यायला?"

आणि मुलानं मोबाइल माझ्यापुढं धरला होता. कधी धरला कोण जाणे. "आजी, परत एकदा झाकण लावा ना. प्लीज. मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, वेडे होतील."

चुकलं होतं माझं, कबूल. पण त्या वेळी मला त्या आंबलेल्या कोबीची, त्या गोड मांसाची काहीच किळस उरली नाही. सगळी किळस त्या हसणाऱ्या तोंडावर जाऊन बसली. दातात अडकलेला मांसाचा दोरा दिसत होता त्यात.

मी व्याह्यांना म्हटलं, "सगा, तुमचा तांडा आमच्या तांड्यापासून दोन कोस. माझं नवं लग्न झालं होतं. तुमच्याकडं बोकड कापायची ऐपत नव्हती, तवा आमच्या सासऱ्यानं तुमच्या घराचा एक वाटा जास्तीचा मांडायला लावला. पळसाचं पान घेऊन कोणतं पोरगं यायचं तो वाटा न्यायले, माह्या सासूले 'याडी' म्हणून हाक मारायचं, आठवते का तुमाले?"

साहेबांचं हसू राहिलं तिथंच. त्यांची बायको खाली पाहून म्हणाली, आमच्या बोलीत, की आमच्याही माहेरी असाच वाटा यायचा. "तू उलटव ते, जळतंय," साहेब तिला म्हणाले. जाळीवर काहीच नव्हतं.

मी नातीकडे पाहिलं नाही. घाबरत होते. माझ्या एका डब्यापायी पोरीचं मोडणार, हेच डोक्यात. तीच बोलली, मुलाशी.

"ते काढून टाका."

"अगं चिल, किती क्यूट आहे."

"माझी दादी हाये ते." महिनाभर त्याच्याशी पुस्तकी बोलणारी पोर घरच्या बोलीत बोलली. "काढता का नाई?"

"बरं बाबा, नंतर काढतो."

ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, जसं मी बोंड फोडायच्या आधी पाहते. मग मला म्हणाली, "दादी, गूळ कुठी हाये?"

"पदरात बांधला बाई."

"राहू दे तिथंच. चाल."

माझा लेक म्हणाला, "अवं पोरी, विचार कर जराशीक." तिनं त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. साहेब म्हणत होते, एवढ्याशा गोष्टीवरून, पोरानं मजा केली फक्त. आम्ही निघालो. डबा मी ठेवून येणार होते, तर तिनंच उचलला.

बाहेर रस्त्याच्या कडेला ती वाकली आणि तो अख्खा गिळलेला घास बाहेर आला. पान अजून हिरवं होतं. मी पाठ चोळली. "चुकलं व माह्यं," मी म्हटलं. "तुह्यं काहून?" म्हणाली, आणि तोंड धुऊन मग रडली. एसटीत पूर्ण वाट रडली. मी काही समजावलं नाही. आवडलेलं माणूस होतं ते, रडू यायचंच.

घरी सूनबाई ओट्यावर कापसाचा ओटी-पदर झटकत बसली होती. "झाला का गूळ?"

मी डबा पुढं केला. तिनं झाकण उघडलं आणि दचकली. "हे व काय?"

"तुह्या नावाचा वाटा निघाला," नात म्हणाली, आणि सुजलेल्या डोळ्यांनी हसली.

मी ते मांस तीन पाण्यांनी धुतलं, आमचा मसाला घातला, चुलीवर चांगलं रटरटवलं. तरी गोडच. कोणी दुसरा तुकडा घेतला नाही. डब्याचा वास राखेनंही गेला नाही, मग मी त्यात खिळे आणि दाभण ठेवायला लागले.

गूळ मात्र चांगला होता. पंधरा दिवस कोऱ्या चहात तोच घातला.