चौथी हाक

आमच्या शाळेतले किस्से मोहफुलांसारखे असतात. कधी पडतात कळत नाही, सकाळी पाहावं तर अंगणभर! सहा वर्षांत मी वेचले तितके वेचले, बाकीचे वाळून गेले. शाळा जंगलाला लागून, सिंदेवाहीच्या अलीकडे. दोन खोल्या, शिकवायला एकटी मी आणि खिचडी शिजवायला सुमनबाई. मी चंद्रपूर शहरातली, त्यात जात्याच स्वप्नाळू. गोष्ट सांगता सांगता खिडकीबाहेरच्या पळसात हरवले की मुलंच मला परत आणतात, "मॅडम, कासव कुठवर आलं?"

*

कासव म्हणजे शर्यतीतलं. गोष्ट संपवून मी ऐटीत विचारलं, "ससा का हरला?" उत्तर ठरलेलं, आळस! पण चौथीतली रोशनी उभी राहिली. "मॅडम, तो झोपला नसन. त्याले ऊन लागलं असन!"

वर्गात एकदम काळजी पसरली. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन सगळ्यांच्या ओळखीचं. सशाच्या डोक्याला कांदा चोळायचा की त्याला पन्हं पाजायचं, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी वहीत तात्पर्य आलं, 'शर्यत हिवाळ्यात ठेवावी.' मी बरोबरची खूण केली. काय करणार!

*

मग कोल्हा आणि द्राक्षं. वेलीवरची द्राक्षं मुलांनी पाहिलेली नाहीत, म्हणून मी कोल्ह्याला मोहाच्या झाडाखाली उभं केलं. बिचारा उड्या मारून दमला, "कडूच आहेत" म्हणाला आणि निघून गेला.

मुलं खो खो हसायला लागली. मोहफूल कुणी उडी मारून तोडतं का? ते आपोआप खाली येतं, आपण फक्त वेळेवर टोपली घेऊन जायचं. सुमनबाई हातात पळी घेऊन दारातच उभ्या होत्या. "कोल्हा येडा नाई, मॅडम. सकाळी येतो म्हणून सांगून गेला असन!"

बदलीचा अर्ज नामंजूर झाल्यापासून 'शहरात तरी काय ठेवलंय' असं मी महिनाभर सगळ्यांना ऐकवत होते. त्या दिवसापासून बंद केलं.

*

माझ्या वाघांचंही सांगायलाच हवं. गावाचा रिवाज असा, की कुणी वाघाची हाक दिली की असाल तसे निघायचं. काठ्या, डबे, ताटं, मिळेल ते घेऊन.

पहिल्याच हिवाळ्यात मला धुक्यात वाघ दिसला. मी किंचाळले. अख्खं गाव धावलं. तांबडा गोऱ्हा होता! दुसऱ्यांदा वाळलेल्या गवताचा भारा निघाला. तिसऱ्यांदा मात्र पक्का वाघ. पट्टे, मिशा, सगळं जागच्या जागी. फक्त तो सूचनाफलकावर रंगवलेला होता आणि मी रोज त्याच्याच शेजारून जात होते!

तिन्ही वेळा लोक आले, पोटभर हसले आणि मला घरी सोडून गेले. मी मनाशी शपथ घेतली, आता मेले तरी हाक मारायची नाही.

*

पुढे वर्गात लांडग्याची गोष्ट आली. मुलानं गावाला तीनदा फसवलं, चौथ्यांदा लांडगा खरंच आला आणि कुणी फिरकलंच नाही. "चूक कुणाची?" सगळ्यांनी लिहिलं, मुलाची. रोशनीनं लिहिलं, 'गावाची. चौथ्या हाकेले जायले पाह्यजे होतं.'

मी ते लाल शाईनं खोडलं. खोटी हाक दिली की असंच होतं, असं तिला समजावलंही. स्वतःचे तीन वाघ डोळ्यांसमोर होते, त्यामुळे आवाज जरा जास्तच कडक लागला. ती खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

*

मार्चमधली सकाळ. मोहाचा वास असा, की चालता चालता झोप यावी. मी आणि रोशनी नाल्याच्या कडेनं शाळेकडे निघालो होतो. वळणावर वाघ बसला होता, वीसेक पावलांवर.

मी डोळे मिटून उघडले. गोऱ्हा नाही, भारा नाही, फलक नाही. त्यानं मान वळवली.

हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. भीतीनं नाही हो, लाजेनं! पुन्हा काही भलतंच निघालं तर? लोक हसतील, हा विचार मी वाघासमोर उभी राहून करत होते, तेही लेकराचा हात हातात असताना. आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती छाती भरून ओरडली, "मॅडमले वाघ दिसला होऽऽ!"

मी म्हटलं, संपलं. माझं नाव ऐकल्यावर आता कोण येतंय!

पण ताटं वाजली, डबे वाजले. गाव आलं, सगळ्यांत पुढे सुमनबाई, ताटावर पळी बडवत. वाघ उठला, त्यानं आमच्याकडे एकदा कंटाळून पाहिलं आणि तो बांबूत शिरला.

मी धुळीतच बसले आणि रडायला लागले. "सुमनबाई, माझं नाव ऐकूनही आलात? मागे तीनदा तर वाघ नव्हताच!"

सुमनबाईंनी पळी पदराला पुसली.

"वाघ नवता. पन तुमी तं होत्या ना, मॅडम!"