बेटावरचा रविवार

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावर आमचं पोस्टिंग होतं. मी कॉव्हेंट्रीत वाढलेली, ब्रिटिश आर्मीच्या बायकांच्या कोअरमधून इंजिनीअर्सच्या ट्रूपला ड्रायव्हर म्हणून जोडलेली. हिवाळ्यातल्या पुरात विमानतळाकडे जाणारा पूल अर्धा खचला होता. लँड रोव्हर जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली. तो दुरुस्त करायला आम्हाला पाठवलेलं. विमानतळ म्हणजे तरी काय हो, एक धावपट्टी, एक शेड आणि कुलूप लावलेलं फाटक. पण आजारी माणसाला मेनलँडच्या हॉस्पिटलात न्यायचा तेवढाच आधार.

सकाळी सातला परेड, मग मी सिमेंट घेऊन पुलावर. खोदायचं मशीन, डिगर, दिवसभर चालू. गावकरी आमच्याशी बोलत नसत. गाडी गेली की खिडकीतला पडदा हलायचा. आमचा सार्जंट मिल्स बेलफास्टच्या दंग्यांमधली ड्यूटी करून आलेला. त्याला प्रत्येक पडद्यामागे माणूस दिसायचा. "नजर ठेवतायत आपल्यावर," म्हणायचा. आणि खरं सांगते, हळूहळू मलाही दिसायला लागला. मी दुकानात शिरले की त्यांच्या गेलिक भाषेतलं बोलणं थांबायचं. माझ्या रंगामुळे की युनिफॉर्ममुळे, कोण जाणे.

फक्त कॉर्पोरल प्रॅटला गावात थारा होता. विमानतळ सांभाळणारा म्हातारा मर्डो त्याला जेवायला बोलवायचा. सार्जंटला तेही खटकायचं.

"काय घालतात रे खायला?" मी एकदा विचारलं.

"बटाटे आणि मासे. तुझ्या चहापेक्षा काहीही बरं, जोशी."

"मग उद्यापासून समुद्राचं पाणी पी."

शनिवारी मर्डो पुलावर आला. टोपी काढून उभा राहिला.

"उद्या मशीन नको. देवाचा दिवस आहे. आम्ही दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाही."

"सोमवारी डिगर परत न्यायला बोट येतेय. काम होणार," सार्जंट म्हणाला.

"मी सांगायचं काम केलं," म्हणून मर्डो गेला.

"ही धमकी होती," सार्जंट आम्हाला म्हणाला.

रविवारी सकाळी डिगरची किल्ली जागेवर नव्हती. सीटखालच्या डब्यात असायची. डब्याला कुलूप नव्हतं.

"म्हातारा," सार्जंट एवढंच म्हणाला.

"आजचा दिवस राहू दे ना, सार्ज," प्रॅट म्हणाला.

"त्यांना तेच हवंय. पहारी घ्या. हातानं करू."

पहार घेऊन सगळ्यांच्या आधी प्रॅटच पुलाखाली उतरला.

साडेदहाच्या सुमारास काठाची माती सुटली. वरचा मोठा दगड घसरून प्रॅटच्या छातीवर आला. चौघांनी मिळून तो हलवला.

सार्जंट रेडिओवर बोलला, "कॅज्युअल्टी वन. छातीला मार. विमान हवं. ओव्हर."

"विमान निघतंय. धावपट्टी उघडी आहे का बघा. ओव्हर."

प्रॅटला लँड रोव्हरमध्ये मागे झोपवलं. सार्जंट त्याच्याजवळ बसला. "वाटेत चर्चला थांबू नकोस, जोशी. म्हातारा आज फाटक उघडणार नाही. कटर घेतलाय, कुलूप तोडू."

आम्ही पोहोचलो तर फाटक सताड उघडं. चर्चच्या काळ्या कोटातले पुरुष धावपट्टीवरून मेंढ्या हाकलत होते. चर्चच्या खिडकीतून पूल दिसतो. दगड पडलेला त्यांनी पाहिला होता. नजर ठेवून होते, हे खरंच.

"आज तर रविवार आहे," सार्जंट म्हणाला.

मर्डो गाडीत चढला. "माणूस वाचवायला देवाची ना नाही. सरक. त्याचं डोकं माझ्या मांडीवर दे."

श्वास मोकळा व्हावा म्हणून मी प्रॅटचा स्मॉक, वरचं जाड जॅकेट, उघडला. आतल्या खिशात डिगरची किल्ली होती. मी पाहिली, सार्जंटनं पाहिली, मर्डोनंही पाहिली.

प्रॅट सार्जंटकडे बघत होता. "वाटलं, सुट्टी द्याल," म्हणाला.

"बोलू नकोस. श्वास घे," सार्जंट म्हणाला.

विमानाचा आवाज आला तेव्हा प्रॅट गेलेला होता.

पुढं त्याला घरी पाठवायचं ठरलं. शवपेटी गाडीतून न्यायची त्या बेटावर रीत नाही. पुरुष दोन रांगा करतात, खांदा बदलत चालतात. पुलावरून धावपट्टीपर्यंत सगळं गाव आलं. बायका मागे थांबतात, म्हणून मीही थांबले. सार्जंट एकटाच कडेला उभा होता. मग मर्डोपाशी गेला.

"मी तुमच्यावर आळ घेतला."

"ठाऊक आहे," मर्डो म्हणाला. "डावीकडे एक माणूस कमी आहे."

सार्जंटनं जाऊन खांदा दिला. धावपट्टीपर्यंत त्यानं खांदा बदलला नाही. कुणी त्याला बदल म्हणालंही नाही.

प्रॅट लढाईत गेला नाही, त्यामुळे इकडं इंग्लंडात कुठल्या स्मारकावर त्याचं नाव सापडत नाही. त्या बेटावर मात्र नोव्हेंबरात युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं वाचतात, तेव्हा त्याचंही वाचतात. मर्डोच्या मुलीनं मला सांगितलं. शेवटी वेगळं नाही हो, त्यांच्याच माणसांमध्ये, आडनावाच्या क्रमानं.