दोष चाकाचा

"सॉरी" हा शब्द कानावर पडला की बाई डावीकडच्या सीटवरून हात लांब करून किल्ली फिरवायच्या आणि गाडी बंद करायच्या. मागे टॅक्सीवाले हॉर्न बडवत असायचे.

"कोणाला सॉरी म्हणालात?"

"चुकलं ना, बाई."

"काय चुकलं ते सांगा. सॉरीने क्लच सुटत नाही."

शिवाजी पार्कला सकाळी फिरायला जात असाल तर ती गाडी तुम्ही पाहिली असेल. जुनी, छोटी, उंच बांध्याची एसयूव्ही. मागच्या दाराला जादा चाक टांगलेलं आणि स्टिअरिंगवर ओठ घट्ट मिटून बसलेली पन्नाशीची कोणीतरी शिकाऊ बाई. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी ड्रायव्हिंगचा क्लास काढला, तो फक्त बायकांसाठी. गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "स्वभाव जरा तापट होता." मला ते तेव्हाही सहन झालं नाही आणि आज लिहिताना तर मुळीच होत नाही. कशावर तापायच्या, ते तरी ऐका.

माझी आई त्यांची विद्यार्थिनी. आमचं घर परळचं, चळवळीतलं. बाबांच्या संघटनेच्या पत्रकांना मी वाचता यायच्या आधीपासून घड्या घालत आले. त्या पत्रकांत बाई आणि पुरुष समान होते. आईने क्लासला नाव घातलं तेव्हा मात्र बाबा हसून म्हणाले, "अगं, तुला सायकल तरी येते का?" आई तरीही गेली, आणि थोड्याच दिवसांत लालबागच्या पुलावरून गाडी नेऊ लागली.

मग खड्ड्यांनी बाईंच्या गाडीची चाकं वाकवली. मॉडेल जुनं, कंपनीकडे तशी चाकं मिळेनात. गिरगावात गाड्यांच्या सामानाच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने चकचकीत, रुंद अलॉय चाकं बसवून दिली. "पाच भोकं, पाच नट. एकदम फिट, मॅडम."

त्यानंतर आई क्लासहून गप्प येऊ लागली. वळणावर काहीतरी घासतं, पुलावर वेग घेतला की हात थरथरतात, असं म्हणाली. "वय झालं गं माझं. पुढच्या आठवड्यातली परीक्षा राहू दे." बाबांनी सहानुभूतीने मान डोलावली. त्या सहानुभूतीचा मला आजही राग येतो. तिने बाईंना फोन करून सॉरी म्हटलं. फोनवर बाईंना किल्ली फिरवता येत नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या."

तीन बायका. एकच गाडी, एकच आवाज, आणि तिघींनी आपापल्या घरी जाऊन दोष स्वतःलाच दिलेला. एकीने चष्म्याला, एकीने गुडघ्याला, आईने हातांना. हे कोणी शिकवलं आपल्याला? त्याचा क्लास कुठे भरतो?

बाईंनी रिकामी गाडी वळवून पाहिली तर आवाज नाही. माणसं बसली की घासायची. त्यांनी आईला, चष्मेवालीला आणि मला गाडीत घातलं आणि थेट गिरगाव गाठलं.

दुकानदाराने चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाकाला काय नाय झालं, मॅडम. शिकणाऱ्या लेडीज आहेत ना, फुटपाथला घासतात."

"तुम्ही चालवा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तुम्ही. आम्ही बसतो."

गल्लीच्या तोंडाशी त्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. घर्र.

"गाडीच जुनी झालीय, मॅडम," तो लगेच म्हणाला.

बाईंनी किल्ली फिरवली. "त्या चालवतात तेव्हा बायका. तुम्ही चालवता तेव्हा गाडी. चाकाचा दोष कधी?"

मी आईकडे पाहत होते आणि आई त्या माणसाकडे. त्याच्या हातून गाडी घासली होती, पण आपलं काही चुकलं असेल ही शंका त्याच्या चेहऱ्याकडे फिरकलीही नाही. आईला इतकं निरखून कोणाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बसवलेला माल परत घेत नाय," तो म्हणाला.

"मग आम्ही उतरत नाही."

बाईंनी गाडी परत आणून दुकानाच्या दारात आडवी लावली. आत चार बायका, काचा खाली. घोषणा एकही नाही. गिऱ्हाईक आलं की बाई प्रेमाने विचारायच्या, "चाकं घ्यायला आलात? बसा ना आमच्यात, फेरी मारून दाखवतो." दोन गिऱ्हाइकं हसत परत गेली. तिसरं दिसताच दुकानदाराला आपलं गोदाम आठवलं.

तिथून साधी लोखंडी चाकं आली. या वेळी त्याने मागच्या दारावरचं जुनं चाक शेजारी ठेवून नव्याशी नीट ताडून पाहिलं. नुसती भोकं नाही, तर भोकांमधलं अंतर, मधलं मोठं भोक हबवर, म्हणजे आसाच्या टोकावर, घट्ट बसतं का, चाक वरच्या पत्र्याच्या कमानीच्या किती आत राहतं. अलॉयचं मधलं भोक सैल होतं, म्हणून स्टिअरिंग थरथरायचं. चाक दोन बोटं बाहेर आलं होतं, म्हणून माणसांच्या वजनाने गाडी दबली की घासायचं. हे सगळं त्याला पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. बायकांच्या गाडीसाठी एवढं कोण बघतो, इतकंच.

बाईंनी पुन्हा सगळ्यांना आत बसवलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. आवाज नाही.

"दिसायला साधी आहेत," दुकानदार म्हणाला.

"मीही आहे," बाई म्हणाल्या.

येताना पुलावर आई चालवत होती. तिने वेग घेतला, मग आणखी थोडा.

आई परीक्षेला बसली. पासही झाली. लायसन्स हातात आलं त्या सकाळी बाईंनी तिला गाडी चालवायला लावून परळपर्यंत आणलं आणि नाक्यावर, मी वाट पाहत उभी होते तिथे, दार उघडून त्या उतरल्या.

"संध्याकाळी आणून द्या."

"बाई, एकटी? मध्येच बंद पडली तर?"

"तर सुरू करा."

त्यांना रस्त्यापलीकडे जायचं होतं. इंजिन सुरूच होतं, आईचा पाय ब्रेकवर. तो आहे की नाही, हे बाईंनी वळून पाहिलं नाही. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, आमच्याकडे पाठ करून, त्या बॉनेटच्या अगदी समोरून सावकाश रस्ता ओलांडून गेल्या.