इंजिनाची पूजा

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शहरात, सदर भागातल्या दुकानात बिलं करत होते. मन कसं असतं पाहा, रडू यायच्या आधी आठवलं ते हे, की शेवटच्या भेटीतही मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. कित्येक वर्षं धरलेला राग होता तो. आता लिहायला बसले आहे, तर मान वर होत नाही.

नवरा वारल्यावर मी कोराडीला दादाकडे राहायला आले, त्या दिवसांतली गोष्ट. गावाजवळच्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेच्या बोटीचं बंद पडलेलं इंजिन दादानं खोलून नव्यानं बांधलं होतं. ते चाललं तर सगळ्या बोटींचं काम त्याला मिळणार होतं, स्वतःचं वर्कशॉप होणार होतं. अंगणात पाण्याच्या ड्रममध्ये ते दोरीच्या पहिल्याच ओढीला सुरू झालं. संस्थेला दाखवायच्या दिवशी मात्र हौसेनं त्यानं नवा स्पार्क प्लग आणला, इंजिनाशेजारी पाटावर ठेवला आणि पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "विधवेच्या हातानं?" आत्या म्हणाली. "माह्या बहिणीच्या हातानं," दादा म्हणाला. मी हरखून गेले. इंजिनाला, पान्यांना, त्या प्लगला, सगळ्यांना ओलं हळदीकुंकू भरभरून लावलं. दादानं घाईघाईत प्लग बसवला आणि आम्ही निघालो.

तलावावर इंजिन काही सुरू होईना. दोरी ओढून ओढून दादाचे हात सोलवटले. पेट्रोल पाहिलं, नळी फुंकली, कार्बोरेटर खोलला. प्लगला तेवढा हात लावला नाही. सकाळीच बसवलेल्या कोऱ्या वस्तूवर कोण संशय घेणार? "काहून गा, वल्ही आणू का?" म्हणत संस्थेचे लोक हसले, मग कंटाळून निघून गेले. आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "सांगतलं होतं म्या." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. घरी येऊन सगळा राग दादावर काढला. "तुले जमत नव्हतं, त माह्या हातानं पूजा काहून केली? माही बदनामी झाली!"

"माहंच चुकलं वं बाई," एवढंच तो म्हणाला.

पुढे इंजिन सुरू झालं, पण काम तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं. दादा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला, मी सदरला खोली केली. दर दसऱ्याला मात्र हत्यारांच्या पूजेला मला बोलवायचाच. मी तोंड फुगवून जायचे. ताट माझ्याच हातात द्यायचा, पण म्हणायचा, "नव्या सामानाले दुरूनच ओवाळ." मला वाटायचं, शेवटी यालाही आत्याचं पटलं...

परवा वहिनीनं त्याच्या पेटीतली एक पुडी माझ्या हातात ठेवली. आत तोच प्लग. ठिणगी पडते ती टोकाची फट वाळलेल्या हळदीकुंकवानं बुजलेली.

"त्याच संध्याकाळी सापडलं त्यायले," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, संस्थेवाल्यायले दाखवा, काम वापस भेटन. त म्हणे, बाईले सांगू नोको. लोकं म्हणून राहिले, थेच खरं वाटन तिले."

वाटलंच असतं. स्वतःच्या वर्कशॉपची किंमत मोजून त्यानं माझा हात शुभ ठेवला, आणि मी त्याच्यावर रुसून बसले.

प्लग आता माझ्या देव्हाऱ्यात आहे. काल पुसायला फडकं घेतलं होतं... पुसलं नाही. दसरा येतोय. पूजेला मी जाईन, पण ताट हातात द्यायला तो नसेल.