बसू नये

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहाचा घोट गिळा. हे ऐकून आमच्या चाळीत दोघांना ठसका लागला होता!

चाळिशी उलटली तरी मी आपला बिनपगारी उमेदवार. आज या कचेरीत, उद्या त्या. शेवटी शेजारचे भाऊसाहेब, परळच्या जुन्या सरकारी राजवाड्यातले हेडक्लार्क, यांना दया आली.

"आमच्याकडे डाव्या अंगाला अजबखाना, उजव्या अंगाला कचेरी. उद्या साहेब पाहणीला येतायत. तुम्ही सकाळीच जाऊन डावीकडच्या कोपऱ्यातल्या दालनात प्रत्येक वस्तूला मराठी चिठ्ठी लावा. साहेबांना पसंत पडलं तर नोकरी. नाहीतर गिरगावचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच!"

पहाटे निघालो. पुढलं फाटक बंद, म्हणून मागून शिरलो. आता मागून शिरलं की डावं ते उजवं होतं, हे न चुकता रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाला सुचू नये?

काम मात्र चोख! प्रत्येक वस्तू मापली, उलटीपालटी करून पाहिली, मगच लिहिलं.

'पंखा. दोरी तुटकी. वारा घातल्याची खूण आढळत नाही.'

'दौत. शाईचा दगड झालेला.'

'खुर्ची. तीन पायांची, चौथ्याच्या जागी वीट. अतिप्राचीन. बसू नये.'

तेवढ्यात साहेबाला घेऊन भाऊसाहेब हजर. चिठ्ठ्या बघून पांढरेफटक!

"अहो, काय केलंत हे? ही माझी कचेरी!"

"मग अजबखाना?"

"पलीकडे! तिथलं सामान याहून नवं आहे!"

आणि साहेबाला मराठी वाचता येत होतं! एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली त्याने. मी मनातल्या मनात गिरगावच्या वाटेला लागलो होतो. खुर्चीपाशी येऊन तो जो हसत सुटला, तो थांबेचना.

"भाऊसाहेब, कचेरीला सगळं नवीन सामान मागवा. आणि या गृहस्थाला ठेवून घ्या!"

"सात वर्षं अर्ज करतोय मी," भाऊसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "आणि तुम्ही एका सकाळीत...! जिंकलंत!"

पहिल्या तारखेला पेढे घेऊनच गेलो. नवी टेबलं, नव्या खुर्च्या! फक्त माझ्या नावाची खुर्ची यायची होती, म्हणून कोपऱ्यात एक जुनी ठेवलेली. मी पगडी सावरली, ऐटीत बसलो... आणि धाडकन जमिनीवर! पेढे चौफेर!

भाऊसाहेब आले. आधी एक पेढा उचलला, मग खुर्चीच्या मोडक्या पाठीला लटकलेली माझीच चिठ्ठी.

"अक्षर किती सुंदर हो तुमचं," ते म्हणाले. "वाचता पण येतं का?"