डेस्कटॉपवरची त्रेसष्ट नावं

धानोरा तालुक्यातल्या त्या जंगलगावात दिव्यानीला सगळे 'कॉम्प्युटरवाली' म्हणायचे, आणि तीही मान ताठ करून चालायची. का चालू नये? बारावीनंतर संगणकाचा कोर्स केलेली गावात ती एकटीच. म्हणून तर ग्रामसभेने गावाच्या जंगलावरच्या हक्काचा दावा लिहायचं काम तिच्याकडे दिलं.

दाव्यात हद्दीतल्या प्रत्येक जागेचं नाव हवं होतं, आणि सगळी नावं ठाऊक होती फक्त लच्छू आजाला. चार दुपारी म्हातारा तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. कुठलं पाणी कोणाच्या नावाचं, कुठल्या दगडाशी कोणाची पूजा, तो सांगत गेला, ती टाईप करत गेली. त्रेसष्ट नावं झाली.

"वहीत बी लिहून ठेव ना बाई," आजा म्हणाला.

"वही फाटते आजा. हे फाटत नाई."

पोळ्याच्या आधी लच्छू आजा गेला. पंधरा दिवसांनी कॉम्प्युटर सुरूच होईना. दिव्यानीने तो पोत्यात गुंडाळून एसटीने गडचिरोलीला नेला. दुरुस्तीवाल्या प्रफुलभाऊने सीडी घालण्याआधी नीट विचारलं, "नवीन विंडोज टाका लागन. सी ड्राइव्हमधलं सगळं उडन, डी मधलं राहीन. सी मंधी काई आहे काय?"

"नाई भाऊ. सी मंधी मी कधी काई ठेवलंच नाई."

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिची फाईल डेस्कटॉपवर होती, कॉम्प्युटर लावला की डोळ्यांसमोर. समोर दिसणारी वस्तू सीच्याच पोटात असते, हे तिला कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, तिचं लक्ष नसेल.

तासाभराने स्क्रीन उजळली, स्वच्छ, कोरी. दिव्यानीने डेस्कटॉपवर फाईल शोधली, ती नव्हती. प्रफुलभाऊने संध्याकाळपर्यंत खटपट केली, पण फाईल काही परत आली नाही.

दावा द्यायला दहा दिवस उरले होते. गावाने तिला एका शब्दानेही दुखावलं नाही, आणि तेच तिला सोसवेना. नावं पुन्हा गोळा करायला हद्द पायी फिरायचं ठरलं. पुढे लच्छूचा मुलगा पत्रू, मागे वही घेऊन दिव्यानी, सोबत गावातली चार माणसं. पहिल्याच नाल्यावर पत्रू थांबला.

"बाबा याले काईतरी म्हणत होता," तो म्हणाला. "तूच तं लिवलं होतं ना बाई? काय म्हणत होता?"

तिनेच लिहिलं होतं, स्वतःच्या बोटांनी. नाव आठवेना. सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

तिने वही उघडली आणि लिहिलं : १. नाला.